काडतुसातील गोळी कोणी काढावी?

रायपूरच्या उत्तरेस, बिलासपूरच्या मार्गावर, सिलतरा हे औद्योगिक क्षेत्र वसलेले आहे. तेथील कारखान्यांत लोहखनिज व कोळसा यांपासून स्पंज लोखंड तयार होते आणि त्यात भंगार मिसळून, ते भट्टीत वितळवून पोलाद करतात. भंगाराच्या ढिगात काय येईल याचा नेम नसतो. एखादे न उडालेले काडतूसही त्यात असू शकते. ते उघडण्याचे काम कोणाचे, हा येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न आहे.

काडतुसाचे भाग चार : पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी आघाताने पेटणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी घट्ट बसविलेली गोळी. गोळीच्या गाभ्यात बहुधा शिसे असते. पुंगळीची मान गोळीला आवळून धरते. ही पकड सोडविणे म्हणजेच गोळी काढणे.

त्यासाठी दोन प्रकारची साधने प्रचलित आहेत. पहिले साधन म्हणजे पोकळ डोक्याचा हातोडा. त्यात पुंगळी बुडाच्या कडेने अडकवितात. हातोडा कठीण पृष्ठावर आपटताच तो थांबतो आणि त्याच्याबरोबर पुंगळीही थांबते. परंतु जड गोळी जडत्वामुळे पुढेच जाऊ पाहते व काही आघातांनंतर सुटते. धावती गाडी एकाएकी थांबली असता उतारू पुढे झुकतात, तोच हा न्याय होय. दुसऱ्या साधनात गोळी चिमट्याने पकडतात आणि दाबयंत्राने पुंगळी खाली ओढून घेतात. ज्या काडतुसांत पेटणारे मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेले असते, त्यांना मात्र हातोडा कधीही लावीत नाहीत. शिवाय गोळी निघाली व दारू सांडली, तरी टोपी जिवंतच राहते, हे विसरता कामा नये.

यावरून स्पष्ट होते की, तत्त्व सोपे असले तरी काम सोपे नाही. पक्कड व हातोडी घेऊन पितळेच्या लोभाने काडतूस फोडणारा मनुष्य आपली बोटे व डोळे पणाला लावतो. परवान्यावाचून दारूगोळा जवळ बाळगणे हा तर शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार अपराधच आहे.

धोका केवळ अडाण्यांनाच असतो असेही नाही. वर्धा जिल्ह्यातील पुलगावनजीक २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात स्फोट होऊन सहा जण मृत्युमुखी पडले. त्यांत आसपासच्या खेड्यांतील मजूर होते. त्यापूर्वी २००४ मध्ये गाझियाबादजवळील साहिबाबादच्या एका पोलाद कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारातील तोफगोळ्यांचा स्फोट झाला व कामगारांचे प्राण गेले. तोफगोळा काही काडतूस नव्हे. परंतु दोन्ही घटनांत अखेरचा परीक्षक ठरला तो मजूरच.

आमचे मत असे की, ही जबाबदारी मजुरावर येऊच नये. दारूगोळा निकामी करण्याचे काम, तो भंगाराच्या व्यापारात शिरण्यापूर्वी, प्रशिक्षित माणसांनी व योग्य यंत्रांनीच पार पाडावे. भंगार विकणाऱ्याने त्याची हमी द्यावी, विकत घेणाऱ्याने तपासणी करावी. यात कारखानदाराचाही लाभ आहे : पितळेतील तांबे पोलादात उतरले, तर भट्टीत ते वेगळे करता येत नाही आणि तापलेले पोलाद लाटताना त्यास चिरा पडतात.

एवढे करूनही ढिगात काडतूस आढळलेच, तर त्यास हात न लावता काम थांबवावे, इतरांना दूर करावे व पोलिसांस कळवावे. या थांबण्याबद्दल मजुराचा रोज कापला जाणार नाही, अशी हमी त्यास मिळाली पाहिजे. एरवी भुकेपुढे कोणताही उपदेश टिकत नाही.

शाळेत जडत्वाचा नियम शिकविताना हा हातोडा अवश्य समजावून सांगावा. साधनाचे तत्त्व ज्यास कळले, त्यास ते आपल्या हाती का नसावे, हेही कळेल.