विश्लेषण : बंद पडलेली चेतक पुन्हा सुरू करण्याचे वेड का लागते?

सोसायटीच्या जिन्याखाली ताडपत्रीने झाकलेली एखादी बजाज चेतक अजूनही दिसते. टायर बसलेले, डिकीत जुन्या पावत्या आणि विकायचा विषय निघाला की घरातले कोणीतरी ‘राहू दे’ म्हणणारे. जुन्या गाड्या दुरुस्त करण्याच्या छंदाची सुरुवात बहुतेकदा इथूनच होते. रॅलीतल्या संस्थानिकांच्या मोटारी हे त्याचे फक्त दिसणारे टोक.

ओढ नेमकी कशाची?

चेतक १९७२ मध्ये आली. परवाना राजच्या त्या काळात नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, त्यामुळे स्कूटर दारात येणे हा घरातला सोहळा असे. तेव्हा वडिलांच्या पुढे हँडल धरून उभे राहणारे मूल आज चाळिशी-पन्नाशीत आहे. पण आठवण गाडीला फार तर गॅरेजपर्यंत नेते. वेड लागते ते त्यानंतर, गाडी कळू लागली की.

एक सिलिंडर, दोन स्ट्रोक, व्हॉल्व्ह नाहीत, सेन्सर नाहीत. सुरू होत नसेल तर तीनच प्रश्न : पेट्रोल पोचते का, ठिणगी पडते का, इंजिनात दाब आहे का. कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये वाळलेल्या पेट्रोलचा चिकट थर असतो, तो साफ करायचा. पॉइंट घासायचे, प्लग बदलायचा. मग जुन्या सवयीने स्कूटर एका बाजूला कलती करून किक. दहा वर्षे मुकी असलेली गाडी धूर सोडत पेटते, तेव्हा ती आपल्या हातांनी पेटलेली असते. आजच्या गाडीत बिघाड शोधायलाच स्कॅनर लागतो; मालकाला तिथे काम उरत नाही.

खर्च कुठे होतो?

इंजिन स्वस्तात पडते, पत्रा महाग. चेतकला वेगळी चॅसिस नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते. पायाखालचा गंजलेला भाग कापून नवा जोडताना वेल्डिंग जरा तिरपे गेले तरी स्कूटर एका बाजूला ओढू लागते. सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेत फिरून मिळतातही, पण हे काम जाणणारा हात मिळणे अवघड. म्हणूनच चकाचक रंग पाहून ‘रिस्टोअर’ केलेली गाडी घेणाऱ्यांनी आधी खाली वाकून पाहावे. पुट्टीखाली गंज तसाच ठेवलेल्या गाड्या कमी नाहीत.

नियमांचा अडसर काय?

केंद्राने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली, मूळ रूपातली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे, क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरे. रोजच्या वापराला बंदी. प्रदर्शन, रॅली, दुरुस्तीपुरतीच गाडी बाहेर काढता येते. नियम चांगला आहे, पण वयाची अट फार वर ठेवली आहे. १९८५ ची चेतक २०३५ पर्यंत ‘विंटेज’ होत नाही. तोवर ती फक्त जुनी गाडी : १५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण, वाढत गेलेले शुल्क, पर्यावरण कर. जर्मनीत ३० वर्षांच्या, सुस्थितीतल्या मूळ गाडीला ऐतिहासिक क्रमांक मिळतो, ब्रिटनमध्ये ४० वर्षांनंतर सवलती लागू होतात.

टू-स्ट्रोकचा धूर घातक आहे, हे छंदवाल्यांनीही मान्य करायला हवे. अशी स्कूटर रोज ऑफिसला नेणे समर्थनीय नाही. मात्र महिन्यातून एखाद्या रविवारी निघणाऱ्या गाडीला रोज धावणाऱ्या खटाऱ्याच्याच मापाने मोजणे हाही अन्याय. वापरावरची बंधने तशीच ठेवून वयाची अट ३० वर्षांवर आणली, तर सामान्य घरातल्या गाड्याही वाचतील. आज वाचतात त्या मुख्यतः हौशी श्रीमंतांच्या.

तोवर ज्यांच्या जिन्याखाली अशी स्कूटर आहे, त्यांनी पान्याला हात घालण्याआधी कपाटात आरसी बुक शोधावे. इंजिन आणि चॅसिस क्रमांक त्याच्याशी जुळतात का, हे पाहावे. गंज काढता येतो. कागद नसलेली गाडी रस्त्यावर आणणे फार कठीण.