कळंबचे कात्रण आणि ‘मर्ज’ची कळ

१/ तालुक्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला ग्रंथ थोडे सापडतात, वृत्तपत्रांची कात्रणे पुष्कळ. धाराशिव जिल्ह्यातील मांजराकाठच्या कळंबचेही तसेच आहे. म्हणून आजचा धागा कात्रणांच्या नोंदींविषयी. मत आरंभीच मांडतो: सारख्या दिसणाऱ्या बातम्यांच्या नोंदी एकत्र करू नयेत, आणि नोंदी वेगळ्या आहेत म्हणून त्यांना वेगवेगळ्या साक्षी मानू नये.

२/ आधी गावाचे नाव. ‘कळंब, ता. ५’ अशी सुरू होणारी बातमी कोणत्या कळंबची? तालुक्याचे ठिकाण असलेली दोन कळंबे महाराष्ट्रात आहेत: एक हे, दुसरे यवतमाळ जिल्ह्यातील, चिंतामणीच्या मंदिरासाठी प्रसिद्ध. पाणीटंचाई आणि शेतमालाचे भाव हे विषय दोन्हीकडचे. आवृत्तीची नोंद राहिली नाही, तर विदर्भातील मोर्चा मराठवाड्याच्या इतिहासात शिरायला वेळ लागत नाही.

३/ वृत्तपत्राच्या नावाचेही तेच. बाबूराव ठाकूर यांनी १९१९ साली बेळगावात सुरू केलेला ‘तरुण भारत’ वेगळा आणि नागपूरचा ‘तरुण भारत’ वेगळा. संदर्भात केवळ ‘तरुण भारत’ लिहिणे म्हणजे पाकिटावर नुसते आडनाव लिहून पत्र टाकणे होय.

४/ कधी याच्या उलट घडते: पत्र एक, नावे अनेक. आ. कृ. वाघमारे यांनी १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याहून ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढले. निजाम सरकारने संस्थानात त्यावर बंदी घातली, तेव्हा ते नाव बदलून निघत राहिले. अशा अंकाची नोंद त्या दिवशी शिरोभागी छापलेल्या नावानेच करावी. मूळ पत्राशी असलेले नाते स्वतंत्र टिपेत लिहावे. नाव ‘दुरुस्त’ केले, तर बंदीचा इतिहासच नोंदीतून पुसला जातो.

५/ आता साधनाकडे. ‘झोटेरो’ हे २००६ पासून उपलब्ध असलेले मोफत संदर्भ-साधन अनेक जण वापरतात. दुहेरी नोंदी ओळखताना ते प्रामुख्याने शीर्षक पाहते. जोडीला वर्ष आणि लेखक यांचा ताळा घेते. ग्रंथांसाठी हे पुरेसे आहे, वृत्तपत्रांसाठी नाही.

६/ कारण बातमीला बहुधा लेखकाचे नाव नसते आणि ‘कळंब तालुक्यात पाणीटंचाई’ हे शीर्षक एकाच वर्षात चार वेळा येऊ शकते. साधनाला त्या चारही नोंदी एकच वाटतात. ते फक्त शंका दाखवते. ‘मर्ज’ची कळ दाबणारा हात आपलाच असतो. ती दाबली की एक नोंद उरते, बाकीच्या कचरापेटीत जातात. चार महिन्यांची टंचाई एका दिवसाची होते.

७/ दुसरी बाजू अधिक गंभीर. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूरसह तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील उमरगा भागही उद्ध्वस्त झाला. सकाळच्या नियमित अंकांत ही बातमी १ ऑक्टोबरपासून येते आणि मृतांचा आकडा रोज बदलतो.

८/ समजा, पाच पत्रांत एकच आकडा सापडला. पाचही बातम्या एकाच वृत्तसंस्थेच्या असतील, तर साक्षीदार एकच. पाच जणांनी त्याचे म्हणणे छापले, इतकेच. उलट, एकाच पत्राच्या दोन आवृत्त्यांत आकडे भिन्न असू शकतात, कारण दूरच्या गावांची आवृत्ती आधी छापली जाते. तो फरक म्हणजे चूक नव्हे. तो बातमी पोहोचण्याचा इतिहास आहे.

९/ म्हणून प्रत्येक छापील बातमीची नोंद स्वतंत्र ठेवावी. पत्राचे नाव, प्रकाशनाचे गाव, आवृत्ती, अंकाची तारीख आणि पान हे पाच रकाने रिकामे सोडू नयेत. वृत्तसंस्था वा सरकारी पत्रक हा उगम टिपेत लिहावा आणि एकाच उगमाच्या नोंदी ‘रिलेटेड’ या सोयीने परस्परांशी जोडाव्यात.

१०/ आवृत्तीगणिक पाने बदलतात म्हणून पान क्रमांक वगळला तरी चालेल, असे शिकागो पद्धती सांगते. आपल्याकडे मात्र आवृत्तीसह पान द्यावेच, असे माझे मत आहे. जिल्हा पानावरची चार ओळींची बातमी संगणकीय शोधात क्वचितच सापडते; जुन्या फायलीत ती शोधणाऱ्याला पान हाच आधार असतो.

११/ तारखा आणि नावे बदलू नयेत. निजामी राजवटीतील कागदांवर फसली सन असतो: १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. तारखेच्या रकान्यात इसवी सन द्यावा, मूळ सन टिपेत जपावा. जुन्या अंकात ‘उस्मानाबाद’ छापले असेल, तर शीर्षकात तेच राहावे. शोधासाठी ‘धाराशिव’ अशी खूणचिठ्ठी लावावी.

१२/ हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. राजधानीतील घटनेला दहा पुरावे असतात, एक हरवला तरी नऊ उरतात. कळंबसारख्या गावाच्या वाट्याला अनेकदा एकच ओळ येते. तिचा पत्ता नीट लिहावा. आणि ‘पाच वृत्तपत्रे दुजोरा देतात’ असे लिहिण्याआधी ती पाच कात्रणे शेजारी ठेवून शब्दन् शब्द ताडून पाहावीत. मजकूर एकच निघाला, तर ‘वृत्तसंस्थेची ही बातमी पाच पत्रांनी छापली’ असेच लिहावे.