बोट तुटलं म्हणून हेवी मेटल?

हेवी मेटल प्रेस शॉपमध्ये जन्मलं, ही कथा आपल्याकडचे रॉकप्रेमी फार चवीने सांगतात. साल 1965, बर्मिंगहॅम. सतरा वर्षांचा टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात वेल्डर. नोकरीचा शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा परत जाणं जिवावर आलेलं. आईने दिवस पुरा करायला धाडलं. प्रेसवरचा माणूस गैरहजर, म्हणून न शिकवलेल्या मशीनवर याला उभं केलं आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. गडी डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका तोच. मग प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणं केली, पातळ तारा लावल्या, पुढे त्या सैल केल्या. 1970 मध्ये त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ बँडचा पहिला अल्बम आला.

इथवर सगळं खरं. पण ‘जखमेतूनच कला येते’ हा पुढचा निष्कर्ष निव्वळ भंपक. तसं असतं तर पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या कारखानी पट्ट्यात गल्लोगल्ली बँड वाजले असते. गैरहजर माणसाच्या जागी नवख्या कंत्राटी पोराला प्रेसवर उभं करणं इथे कुणाला नवं आहे? वाहन उद्योगाच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत बोटं कशी जातात, ते ‘सेफ इन इंडिया’ संस्थेचे अहवाल 2019 पासून मांडताहेत.

आयोमीच्या हाती गिटार अपघाताआधीच होती. तो खचला तेव्हा फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत होरपळून दोन बोटं निकामी झालेला हा जिप्सी वादक होता. वाद्य, सोबतचे वादक आणि असा एक फोरमन, यांनी संगीत घडवलं. प्रेसने फक्त अडथळा घातला.

‘आपल्या पट्ट्याने संगीताला काय दिलं?’ असंही नाक मुरडून विचारतात. संगीतकार अजय गोगावले जन्मले इथल्याच आळंदीत. अजय-अतुल या भावांचं बालपण गेलं राजगुरुनगर, जुन्नर, शिरूर अशा वडिलांच्या बदलीच्या गावांत. वडिलांनी ऐपत ताणून कीबोर्ड घेऊन दिला. 2016 च्या ‘सैराट’साठी याच भावांनी लॉस एंजेलिसमध्ये सिम्फनी वाद्यवृंद वाजवून घेतला. बोटं सगळी शाबूत!

तेव्हा चाकणच्या पोराला आयोमीची गोष्ट सांगून धीर देऊ नका. कॉट बेसिसवरच्या खोलीत, पाळ्या बदलत, गुरुवारच्या सुट्टीलाही ओव्हरटाइम करणाऱ्याला गिटार घासायला तासभर हवा, जागा हवी. आणि त्याआधी, दोन्ही हातांनी बटणं दाबल्याशिवाय न चालणारी प्रेस हवी, तीही उत्पादन वाढावं म्हणून एक बटण चिकटपट्टीने दाबून न ठेवलेली.