शकुनीचे फासे आणि ६७ नॅनोसेकंद

१/९ संगणकांच्या जाळ्यातून माहिती छोट्या पुडक्यांत, म्हणजे पॅकेटांत, वाहते. १० गिगाबिटच्या इथरनेट जोडणीवर सर्वांत लहान पॅकेटे सलग येऊ लागली, तर सेकंदाला सुमारे १.४८ कोटी येतात. प्रत्येकाच्या वाट्याला ६७ नॅनोसेकंद! ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला तेवढ्यात जेमतेम २०० ठोके मिळतात.

२/९ एवढ्या वेळात पॅकेटाचा मार्ग शोधायचा, नियम तपासायचे आणि कधीकधी फासाही टाकायचा : नमुना म्हणून कोणते पॅकेट उचलावे, गर्दीत कोणते टाकून द्यावे? त्यासाठी यादृच्छिक संख्या लागते आणि ती फुकट मिळत नाही. म्हणून ‘सर्वांत जलद रीत कोणती?’ असे विचारले जाते. माझ्या मते हा प्रश्नच अपुरा आहे. इतिहास काय सांगतो, ते पाहू.

३/९ एनिअ‍ॅक या आरंभीच्या संगणकाला छिद्रित कार्डांवरून यादृच्छिक संख्या वाचणे फार संथ पडे. जॉन फॉन नॉयमन यांनी सोपी युक्ती सुचवली : संख्येचा वर्ग करा, मधले अंक घ्या, पुन्हा वर्ग करा. या रीतीचे दोष त्यांना ठाऊक होते. वेगासाठी ते त्यांनी जाणीवपूर्वक पत्करले.

४/९ पुढच्या पिढीला ती जाणीव राहिली नाही. १९६०च्या दशकात आयबीएमच्या यंत्रांवर ‘रँडू’ रूढ झाली : एक गुणाकार केला की संख्या तयार. मात्र लागोपाठच्या तीन-तीन संख्या अवकाशातील बिंदू मानून मांडल्या, तर सारे बिंदू अवघ्या १५ प्रतलांवर येतात. अशा गुणाकारी रीतींचा हा अंगभूत दोष जॉर्ज मार्साग्लिया यांनी १९६८मध्ये दाखवून दिला.

५/९ तिथे बिघडले ते गणित. जाळ्यात मात्र समोर शत्रू असतो. टीसीपी जोडणीचा आरंभीचा क्रमांक ओळखता येतो, हे रॉबर्ट मॉरिस यांनी १९८५मध्येच लिहून ठेवले होते. २५ डिसेंबर १९९४ रोजी त्सुतोमू शिमोमुरा यांच्या संगणकांवर याच मार्गाने हल्ला झाला. तेथील एका यंत्रावर हा क्रमांक प्रत्येक नव्या जोडणीगणिक १,२८,०००ने वाढत असे. फासे शकुनीचे होते. दान आधीच ठाऊक होते.

६/९ तरीही मोह सुटला नाही. लिनक्सच्या गाभ्यात जाळ्याच्या कामांसाठी एक वेगळी, स्वस्त रीत होती. तिच्या संख्यांचे भाकीत करता येते, हे २०२०मध्ये अमित क्लाइन यांनी सिद्ध केले. ती बदलावी लागली.

७/९ मग सुरक्षित फासा महागच पडणार का? तसे नाही. २०२२मध्ये लिनक्सने ती वेगळी वाट बंद केली. आता चाचा२० या कूटरीतीने संख्यांचा साठा एकदम तयार होतो, तो प्रत्येक गाभ्यापाशी ठेवला जातो आणि लागेल तशी त्यातली एकेक संख्या उचलली जाते. खर्च अनेक पॅकेटांत वाटला जातो.

८/९ दुसरा उपाय आणखी साधा : फासा कमी वेळा टाका. हजारांतून सरासरी एक पॅकेट निवडायचे असेल, तर हजार वेळा कौल कशाला? ‘पुढची किती पॅकेटे सोडायची’ एवढी एकच संख्या काढा आणि उलटी मोजणी करा. अंतर योग्य वितरणातून काढले, तर निवड पहिल्याइतकीच निःपक्ष राहते. २००१च्या एसफ्लोच्या दस्तऐवजात अशी मोजणी आहे.

९/९ म्हणून वेग मोजण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. हे दान ओळखल्याने कोणाचा लाभ होतो? आणि फासा खरोखर इतक्या वेळा टाकायला हवा का? पहिल्याचे उत्तर ‘कोणाचाही नाही’ असेल, तर स्वस्त रीत खुशाल वापरावी. अन्यथा साठा करावा, कौल कमी करावेत. पण वाचवलेल्या चार ठोक्यांसाठी शकुनीला पटावर बसवू नये.