हौशी प्रक्षेपक आणि सरकारी परवाना

परवान्यावाचून बिनतारी यंत्र जवळ बाळगणे हा १९३३ च्या कायद्याने गुन्हा ठरविला. कायदा परक्या राज्यकर्त्यांचा होता आणि त्यांची भीती अनाठायी नव्हती. १९४२ च्या ऑगस्टात उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्तपणे काँग्रेस रेडिओ सुरू केला, तेव्हा एकटा प्रक्षेपक काय करू शकतो हे सरकारास कळून चुकले. स्वराज्यातही तीच संशयी दृष्टी पुढे चालवावयाची काय? १८८५ व १९३३ च्या कायद्यांची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये दूरसंचार कायदा संमत केला असल्याने हा प्रश्न आज विचारणे अगत्याचे आहे.

परवानाच नको, असे आमचे म्हणणे नाही. सदोष प्रक्षेपक नेमलेल्या कंपनसंख्येच्या दुपटी-तिपटीवरही लहरी फेकतो आणि विमानांच्या वा पोलिसांच्या संदेशांत व्यत्यय आणू शकतो. म्हणूनच १९७८ च्या नियमांनी हौशी चालकांसाठी परीक्षा ठेवली, हे योग्यच झाले. या नियमांखाली बारा वर्षांच्या मुलांनाही तीस बसण्याची मुभा मिळाली. ज्ञानाची परीक्षा घ्यावी. हेतूविषयी मात्र आधीच शंका घेऊ नये.

हा शहरी श्रीमंतांचा छंद आहे, असे बीडच्या वाचकास वाटेल. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे शेजारच्या लातूर-उस्मानाबाद भागात किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा संदेशवहनास हातभार लावणाऱ्यांत हौशी चालकही होते. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद यांचे पथक छंदापुरती खास परवानगी काढून अंदमानात गेले होते. सुनामी आली आणि त्याच पथकाने पोर्ट ब्लेअरहून मुख्य भूमीशी संपर्क राखला. ती परवानगी नाकारली गेली असती तर?

विकत घेतलेले यंत्र बिघडले की दुकान शोधावे लागते. स्वतः जोडलेले यंत्र जोडणाराच दुरुस्त करतो. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून बांधता येईल असा ‘बिटएक्स’ यंत्राचा आराखडा सर्वांस खुला केला. आमच्या महाविद्यालयांतील मुलांस तो अवघड नाही.

सरकारने परीक्षा जिल्ह्याच्या गावी घ्यावी, निर्णयास मुदत घालावी आणि उत्तीर्ण झालेल्यास यंत्र घडविण्याची मोकळीक निःसंदिग्ध शब्दांत द्यावी. संकट बीडच्या वेशीवर येईल, तेव्हा परवान्याचा अर्ज टपालात असून चालणार नाही.