पद्मिनी बंद पडली? आधी डोकं चालू करा!

पाम बीच रोडवर पद्मिनी बंद पडली की 'विकून टाक ना राव' म्हणणारे ढिगाने भेटतात. कारण शोधणारा एकही नाही! मेकॅनिकही कॉइल, प्लग, पंप सगळं बदलून मोकळा. एक बग आला म्हणून तुम्ही अख्खा कोड फेकून देता का?

अहो, कुर्ल्यात बनलेलं हे १०८९ सीसीचं साधं इंजिन. चालताना बंद पडलं तर पहिला प्रश्न एकच: प्लगवर ठिणगी येते का? येत नसेल तर पॉइंट, कंडेन्सर, कॉइल बघा. येत असेल तर पेट्रोलचा माग काढा. उन्हात पंपात वाफ धरते. पंपावर ओलं फडकं टाका, थोडं थांबा. नुसता स्टार्टर मारलात तर बॅटरी बसेल. आणि आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते जुन्या रबरी नळ्या खातं. त्या बदला, गाडी नको!

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी थांबली ती २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे. इंजिन हरलं म्हणून नव्हे. हरतो तो आपला आळस!