ट्रॅक्टरमागील ट्रॉली व विम्याचा कागद

नाशिक शहरांत द्वारका या नांवाचा जो चौक आहे, तेथें मुंबई-आग्रा महामार्ग व पुण्याकडून येणारा रस्ता एकत्र मिळतात. वरून उड्डाणपूल गेला आहे. त्यावरून लांब पल्ल्याच्या मोटारी निघून जातात आणि खालीं बस, रिक्षा, मालमोटारी, दुचाक्या व पायीं चालणारीं माणसें यांची सारी दाटी उरते. सिन्नर-नाशिकरोडच्या बाजूनें पंचवटींतील बाजार समितीच्या आवाराकडे माल नेणारा शेतकऱ्याचा ट्रॅक्टर याच दाटींतून वाट काढतो. मागें ट्रॉली, ट्रॉलींत कांदा किंवा कोबी, आणि मालावर दोन-तीन माणसें बसलेलीं, हें दृश्य आमच्या वाचकांस नवें नाहीं. घरीं हा ट्रॅक्टर नांगर, वखर, पाभर यांच्या पंक्तींत मोजला जातो. द्वारकेच्या चौकांत मात्र तो पोलिसांच्या, विमा कंपनीच्या आणि प्रसंगीं न्यायालयाच्या दृष्टीनें इतर मोटारींसारखीच एक मोटार असतो.

या बाबतींत शेतकरीवर्गांत जें मत ऐकूं येतें तें असें, कीं ट्रॅक्टर हें अवजार आहे, वर्षांतले थोडेच दिवस तो रस्त्यावर येतो, सबब विमा, नोंदणी व योग्यतेची तपासणी हा सारा खटाटोप शेतकऱ्याच्या मागें लावणें अन्यायाचें आहे. आमच्या मतें यांतील अर्धें म्हणणें बरोबर व अर्धें घातक आहे. तपासणीच्या पद्धतीविषयीं तक्रार करण्यास जागा आहे, आणि ती आम्ही पुढें करणार आहों. विम्यांत मात्र सवलत मागणें म्हणजे आपल्याच सात-बाराच्या उताऱ्यावर दुसऱ्याचा बोजा चढविण्याची तयारी करणें होय. तें कसें, हें आधीं पाहूं.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत 'मोटार वाहन' या शब्दाची जी व्याख्या दिली आहे, तींत ट्रेलर, म्हणजे आपली ट्रॉली, स्पष्ट शब्दांनीं घातली आहे. जिला एंजिन नाहीं, जी स्वतः हातभर हलत नाहीं, ती कायद्यानें स्वतंत्र वाहन आहे. तिची नोंदणी निराळी, तिचा क्रमांक निराळा, आणि विम्यांतही तिचा उल्लेख व हप्ता निराळा असावा लागतो. तो नसेल तर ट्रॅक्टरचा विमा चालू असूनही ट्रॉली विम्याबाहेर राहते. ट्रॅक्टर बहुधा बँकेच्या कर्जानें घेतला जातो, आणि बँक विमा पाहिल्यावांचून रक्कम सोडीत नाहीं. ट्रॉली मात्र पुष्कळदां रोख पैशानें तालुक्याच्या गांवीं वेल्डिंगच्या कारखान्यांत करून घेतली जाते, आणि तिच्या विम्याची आठवण करून देण्यास कोणीच नसतें.

सार्वजनिक जागीं वाहन नेणाऱ्यानें त्रयस्थाच्या हानीचा विमा उतरलाच पाहिजे, हा नियम कांहीं आजचा नव्हे. १९३९ च्या कायद्यांत तो होता व १ जुलै १९४६ पासून तो अमलांत आला. आजच्या कायद्याचें १४६ वें कलम तेंच सांगतें. तें मोडल्यास पहिल्या वेळीं २,००० व पुढच्या वेळीं ४,००० रुपये दंड, किंवा तीन महिनेपर्यंत कैद, अशी शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर आहे. परंतु दंडाचें भय हें यांतलें लहान भय आहे.

ट्रॉलीखालीं माणूस सांपडून मेला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण त्याचें वय, मिळकत व त्याच्यावर अवलंबून असलेलीं माणसें पाहून भरपाई ठरवितें. मेलेला माणूस तरुण व मिळवता असेल तर ही रक्कम कित्येक लाखांवर जाते. विमा असेल तर ती कंपनी देते, नसेल तर मालकानें द्यावयाची. त्यानें न दिल्यास काय होतें, हें १७४ व्या कलमांत लिहिलें आहे. न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यास दाखला पाठवितें आणि ती रक्कम जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल केली जाते. ती वसुली कशी होते व कोठपर्यंत पोंचते, हें खातेदारास आम्हीं सांगावयास नको.

२००७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निकालांत काढलेलें एक प्रकरण या दृष्टीनें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. एक मजूर माती खणून ती ट्रॉलींत भरण्याच्या कामावर होता. माती वीटभट्टीस जावयाची होती. तो ट्रॉलीखालीं सांपडून जखमी झाला. ट्रॅक्टरचा विमा होता, पण तो शेतीकामापुरता. ट्रॉलीचा विमा नव्हताच. या हानीस विमा कंपनी जबाबदार नाहीं, असें न्यायालयानें ठरविलें. मजूर गरीब, म्हणून न्यायालयानें आपल्या विशेष अधिकारांत कंपनीस आधीं पैसे द्यावयास लावले आणि ते मालकाकडून वसूल करण्याची मोकळीक तिला दिली. मजुराचें भागलें. मालकानें भरलेला हप्ता मात्र वायां गेला व भरपाईही त्याच्याच अंगावर आली.

या एका निकालांत आमच्या शेतकऱ्यांच्या दोन नेहमींच्या चुका एकत्र दिसतात. ट्रॉली विम्यांत न घालणें ही एक, आणि शेतीच्या विम्यावर भाड्याचें काम करणें ही दुसरी. हंगाम संपल्यावर मुरूम, वाळू, विटा यांचीं भाडीं करणें यांत वाईट असें कांहीं नाहीं; कित्येकांच्या ट्रॅक्टरचें कर्ज त्यावरच फिटतें. परंतु तसें करावयाचें तर व्यापारी वापराची नोंद करून व तशाच प्रकारचा विमा घेऊन करावें. स्वतःच्या शेतांतला कांदा लासलगांवास नेणें आणि दुसऱ्याची वाळू नेणें यांतला फरक ट्रॅक्टरला कळत नाहीं. पॉलिसीला तो कळतो.

परवान्यासंबंधीं शेतकऱ्यास थोडा दिलासा आहे, तोही सांगून टाकूं. ट्रॅक्टर चालविण्याचा परवाना असलेला चालक केवळ ट्रॉली जोडली म्हणून अपात्र होत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २००१ सालीं ठरविलें. हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतचें वाहतुकीचें वाहन चालवितां येतें कीं नाहीं, हा वाद घटनापीठानें नोव्हेंबर २०२४ मध्यें परवानाधारकांच्या बाजूनें मिटविला. परवाना मुळींच नसलेल्या सोळा वर्षांच्या मुलाच्या हातीं ट्रॅक्टर देणाऱ्यास मात्र यांपैकीं कोणत्याच निकालाचा उपयोग नाहीं.

ट्रॉलींत माणसें बसविण्याची चाल ही सर्वांत वाईट. ४ एप्रिल २०२५ रोजीं नांदेड जिल्ह्यांत आलेगांवच्या शिवारांत मजूर स्त्रियांना शेतावर नेणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरींत पडला आणि सात स्त्रिया मरण पावल्या. त्या हिंगोली जिल्ह्यांतील गुंज गांवाहून कामावर निघाल्या होत्या. त्यापूर्वीं १ ऑक्टोबर २०२२ रोजीं उत्तर प्रदेशांत घाटमपूरजवळ देवदर्शनाहून परतणारी ट्रॉली तळ्यांत उलटून २६ माणसें गेलीं. शेतीच्या ट्रॅक्टरवर चालकाखेरीज दुसऱ्याची जागा धरलेली नसते, आणि ट्रॉलींत बसलेल्यांची जोखीम शेतीच्या नेहमींच्या पॉलिसींत येत नाहीं. द्राक्षाच्या छाटणीस व कांद्याच्या लागवडीस मजुरांची टोळी दूरच्या गांवांहून आणावी लागते आणि त्या वेळीं दुसरें साधन जवळ नसतें, ही अडचण आम्ही जाणतों. तरीपण चार बागाईतदारांनीं मिळून माणसें नेण्याचा परवाना असलेली एक गाडी हंगामापुरती ठरविणें अशक्य नाहीं. ट्रॉलीच्या फेरीपेक्षां तिला थोडा खर्च अधिक लागेल हें खरें.

"आमचा ट्रॅक्टर शेताबाहेर जातच नाहीं, मग विमा कशाला?" असा प्रश्न कोणी करतील. कायद्यांत शब्द 'सार्वजनिक जागा' असा आहे खरा. परंतु मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानें १९८८ सालीं त्याचा अर्थ बराच रुंद केला. लोकांस जेथें कोणत्याही कारणानें येतां येतें, मग तें हक्कानें असो कीं कोणाच्या परवानगीनें असो, ती जागा सार्वजनिक समजावी, असा त्याचा आशय आहे. मजूर, व्यापारी व शेजारी जेथें रोज येतात, तें खळें किंवा द्राक्षें भरण्याची शेड या अर्थाबाहेर राहील असें छातीठोकपणें कोण सांगेल? युरोपांतही हा प्रश्न निघाला होता. स्लोव्हेनिया देशांत २००७ सालीं गवताच्या पेंड्या कोठारांत चढविण्याचें काम चालू असतां ट्रॅक्टर मागें घेतांना ट्रॉलीचा धक्का शिडीस लागला व वर चढलेला माणूस पडला. जागा खासगी, काम शेतीचें. तरीही असा वापर सक्तीच्या विम्याखालीं येतो, असा निर्णय युरोपीय न्यायालयानें २०१४ सालीं दिला. ब्रिटननें २०२२ मध्यें स्वतंत्र कायदा करून तो अर्थ आपल्यापुरता टाकून दिला. परंतु रस्त्यावरच्या ट्रॅक्टरला विमा हवाच, ही गोष्ट तेथेंही कायम आहे.

जातां जातां जीपगाड्यांविषयीं एक शब्द. रानावनांत, चढउतारावर चालणारी थार ही गाडी आमच्या नाशिकच्याच कारखान्यांत तयार होते, आणि द्राक्षाचें वर्ष चांगलें गेलें कीं ती बागाईतदाराच्या दारांतही दिसूं लागते. तिच्या विम्याची काळजी विकणारा घेतो. पण मोठीं चाकें घालणें, गाडी उंच करणें, पुढें लोखंडी दांडे बसविणें असे जे फेरफार हौसेनें केले जातात, ते ५२ व्या कलमाच्या कक्षेंत येतात, आणि हानीचा दावा आला म्हणजे कंपनीचा तपासनीस तेच आधीं पाहतो. ट्रॉलीला फळ्या ठोकून तिची उंची वाढविणें हाही त्याच जातीचा फेरफार आहे, जरी त्यांत हौसेचा भाग कांहीं नसला तरी.

आतां तपासणीकडे वळूं. शेतीचा ट्रॅक्टर बिगर-वाहतुकीच्या वर्गांत मोडतो. त्याची नोंदणी १५ वर्षें टिकते व पुढें दर ५ वर्षांनीं नूतनीकरणाच्या वेळीं तो तपासणीस न्यावा लागतो. वाहतुकीच्या वर्गांत नोंदलेल्या वाहनास आठ वर्षांचें होईपर्यंत दर दोन वर्षांनीं व नंतर दरवर्षीं योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. तो नसेल तर ५६ व्या कलमाप्रमाणें त्याची नोंदणीच वैध समजली जात नाहीं. तपासणी असूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला पुढें ढकलूं लागते, तिला स्वतःचा ब्रेक नसेल तर चालकाचें कांहीं चालत नाहीं, आणि रात्रीं मागें लाल दिवा किंवा चकाकणारी पट्टी नसलेली उभी ट्रॉली दुचाकीवाल्यास अगदीं जवळ येईतों दिसत नाहीं.

आमची तक्रार तपासणीच्या जागेविषयीं आहे. सिन्नरच्या शेतकऱ्यानें पंधरा वर्षें वापरलेला ट्रॅक्टर नाशिकास पेठ रस्त्यावरील परिवहन कार्यालयाकडे न्यावयाचा म्हणजे ३० किलोमीटरांहून अधिक वाट, आणि तीही द्वारकेवरून. ज्याचे ब्रेक ठीक आहेत कीं नाहींत हें अद्याप ठरावयाचें आहे, तेंच वाहन ब्रेक दाखविण्यासाठीं जिल्ह्यांतल्या अत्यंत गजबजलेल्या चौकांतून न्यावयास सांगणें हा सुरक्षिततेचा मार्ग नव्हे. शिवाय एक सबंध दिवस जातो, आणि कांहीं उणें निघालें तर दुसराही. ब्रिटनमध्यें केवळ शेतकामास लागणाऱ्या ट्रॅक्टरला मोटारींची वार्षिक तपासणी लागूच केलेली नाहीं. विमा मात्र सोडलेला नाहीं. आम्ही तितकी सूट मागत नाहीं. परिवहन कार्यालयें चालकांच्या परवान्यांसाठीं तालुक्याच्या गांवीं शिबिरें भरवितात. त्याच शिबिरांत, बाजार समितीच्या आवारांत, निरीक्षकानें ट्रॅक्टर व ट्रॉल्याही पाहाव्या. ब्रेक, जोडणीचा हूक व पिन, टायर, दिवे आणि चकाकणाऱ्या पट्ट्या पाहण्यास मोठें यंत्र लागत नाहीं.

याहून निकडीची मागणी गांवठी ट्रॉल्यांविषयीं आहे. नमुन्याला मंजुरी नसलेल्या कारखान्यांत जोडलेली ट्रॉली नोंदली जात नाहीं. नोंद नाहीं म्हणून क्रमांक नाहीं, क्रमांक नाहीं म्हणून विमा मिळत नाहीं, आणि तरीही ती रस्त्यावर चालतेच. हप्ता भरावयाची इच्छा असलेला शेतकरीसुद्धां येथें अडकतो. अशा जुन्या ट्रॉल्या ठराविक मुदतींत एकदां तपासून, दोष दुरुस्त करवून नोंदणींत घ्याव्या, असें सरकारनें ठरवावें. त्यांत सरकारचें कांहीं जात नाहीं, आणि अपघातांत सांपडलेल्या माणसाला भरपाई देण्यास विमा कंपनी उभी राहते. यापुढें नवी ट्रॉली घेणारानें मात्र विकणाऱ्याकडून विक्रीचा नमुना २१ व रस्त्यायोग्यतेचा नमुना २२ हातीं आल्यावांचून पैसे मोजूं नयेत.

वाचकांनीं आपली पॉलिसी काढून तींत ट्रेलरच्या रकान्यापुढें क्रमांक व हप्ता लिहिला आहे कीं नुसती रेघ आहे, तें पाहावें. रेघ असल्यास पुढच्या वेळेची वाट न पाहतां कंपनीकडून जोडपत्र करून घ्यावें. शिबिरांची मागणी प्रत्येक गांवच्या विकास सोसायटीनें व बाजार समितीनें ठराव करून परिवहन कार्यालयाकडे पाठवावी, आणि तींत महिनाही घालावा: वैशाख. त्या वेळीं उन्हाळी कांदा निघून चाळींत पडलेला असतो व खरिपाच्या पेरणीस अवकाश असतो, म्हणून ट्रॅक्टर मोकळा सांपडतो. मृग लागल्यावर शिबिर भरविलें तर निरीक्षक येईल, पण ट्रॅक्टर येणार नाहींत.